बिघाड आढळला नाही

नातीचा डबा द्यायला म्हणून सुखराम मिस्त्री शाळेत गेले आणि तिचेच नुकसान करून बसले.

व्हरांड्यात टेबलावर पाण्याचा पंप ठेवला होता. जवळ कोणी नव्हते. मिस्त्रींनी सहज बटण दाबले. पंप नुसता घूंऽ करू लागला, फिरेना. चाळीस वर्षे मोहाडी तालुक्यातले पंप सुधारणाऱ्या माणसाला तो आवाज ऐकून पुढे जाणे जमले नाही. त्यांनी खिशातून पेचकस काढला, कंडेन्सरची सुटलेली तार कसली, पंप फिरताना पाहिला आणि समाधानाने सायकलजवळ जाऊन बसले.

राज्याच्या नव्या निकषांप्रमाणे त्या दिवशी त्यांच्या नातीची, दहावीच्या गुड्डीची, हातकामाची परीक्षा होती; ती घ्यायला तपासणीच्या मॅडम आल्या होत्या. बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा. त्या प्रमाणपत्रावर तिला भंडाऱ्याला आयटीआयला जायचे होते.

"मॅडम, हा तं चालू आहे," गुड्डी म्हणाली.

"असा कसा चालू? तार मी सोडली न सकाळी!" आनंदराव सर ओरडले.

गुड्डीने झाकण उघडले, तारेचा आजोबांच्या हातचा पीळ ओळखला आणि बाहेर पाहिले. "आबाजी, तुमी हात लावला काय?"

"बिघडला होता न, बाई. तुमाले बिघडलेलाच पाहिजे, हे मले काय माहीत!"

तपासणीच्या मॅडम हसल्या. "एक संधी आणखी देते. मिस्त्री, तुम्हीच बिघडवा."

"मॅडम, आजवर कोनाचा पंप बिघडवला नाही मी."

"नातीसाठी बिघडवा."

मिस्त्रींच्या जिवावर आले, पण त्यांनी तार सोडली. दुरुस्तीआधीचा फोटो लागतो, म्हणून मॅडम पर्समध्ये मोबाइल शोधू लागल्या. तेवढ्यात पंप धडधडला. गुड्डी पेचकस धरून उभी होती.

"अगं, फोटो राहिला ना!"

"घूं घूं करून राहिला होता, मॅडम. हात गेला."

निकषात तिसरी संधी नव्हती. मॅडमनी हळहळत लिहिले : बिघाड आढळला नाही. गुण शून्य.

परतताना गुड्डी सायकलवर मागे बसून रडत होती. "मले कायले शिकवलं तुमी?"

"चुकलं बाई माझं," मिस्त्री म्हणाले.

रस्त्याकडेला कोणाच्या तरी धानाच्या बांधीत एक पंप नुसताच घूंऽ करत होता. दोघांनीही तिकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने गुड्डीने नाक पुसले.

"आबाजी, थांबा न."

सायकल थांबलेलीच होती.