पूर्ततेसाठी परत

आमच्या इमारतीतल्या जोशीकाकूंच्या मुलीची लग्नपत्रिका गुप्तेबाईंनी परत पाठवली. सोबत बारीक, सरळ अक्षरातली चिठ्ठी होती : "मुहूर्त ७ वाजून ४२ मिनिटे असा नमूद आहे. सकाळ की सायंकाळ याचा उल्लेख नाही. कार्यालयाच्या पत्त्यात रस्त्याचे नाव नाही. सबब पत्रिका पूर्ततेसाठी परत." खाली सही आणि तारीख. जोशीकाकू आठ दिवस धुमसत होत्या. नवव्या दिवशी त्यांनी उरलेल्या सगळ्या पत्रिकांवर बॉलपेननं 'सायं.' लिहायला घेतलं. लग्नात अक्षता टाकून झाल्यावर गुप्तेबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आता बरोबर आहे." काकूंच्या मते आलेल्या आहेरांपैकी हा सगळ्यात अनपेक्षित होता.

गुप्तेबाई ठाकुर्लीत आमच्या मागच्या गल्लीत राहतात, दुसऱ्या मजल्यावर, एकट्याच. माहेर खोपटच्या एसटी डेपोमागे. डेपोतल्या भोंग्यावरून दिवसभर गाडीचा क्रमांक, मार्ग आणि सगळे थांबे ऐकत त्या वाढल्या, त्यामुळे अर्धवट माहितीवर निघालेला माणूस त्यांना अजून सहन होत नाही. पुढे पालिकेत नोकरी. पालिका दरवर्षी सामाजिक काम करणाऱ्या संस्था-मंडळांना थोडंफार अनुदान देते, त्या अर्जांची छाननी करण्याचं टेबल बाईंकडे होतं. तीस वर्षं. अनुदान त्या द्यायच्या नाहीत, ते वर कुणीतरी मंजूर करायचं. बाई फक्त ते मिळण्याच्या वाटेत बसलेल्या असायच्या.

त्या काळच्या कथा अजून सांगतात. एका मंडळानं अर्जाबरोबर पेढ्यांचा पुडा ठेवला. बाईंनी शेरा मारला, "जोडपत्रांच्या यादीत पेढे नाहीत," आणि पुडा अर्जासकट परत गेला. एकदा एका नगरसेवकानं टेबलावर मूठ आपटली, तर बाईंनी शांतपणे विचारलं, "हे लेखी देता का?"

निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, नजर राहिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख नाही म्हणून त्या ताप अंगात घेऊन दवाखान्यात परत गेल्या. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी पुढे केली की ती उलटीसुलटी करून त्या म्हणायच्या, "दर्शनी भाग ठीक आहे. आतलं दाखवा." आणि कुणी फार गळ घालायला लागलं, गयावया करायला लागलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं : "भावना पोचल्या. कागद पोचले नाहीत."

या बाईंशी माझी गाठ पडली ती आमच्या मंडळामुळे. आमचं मंडळ रुग्णांसाठी लागणारं सामान वापरायला देतं. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या. काम झालं की परत आणून द्यायचं. मी सचिव आहे, कारण सचिव निवडायच्या सभेत मी चहा करायला आत गेले होते. सगळं सामान आमच्या गॅलरीत असतं. पाहुणे आले की आधी कमोडच्या खुर्च्या बघतात आणि मग आमच्या तब्येतीची चौकशी करतात.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या डोक्याकडून वर होणाऱ्या चारही खाटा बाहेर गेलेल्या होत्या. संतोष भोईर हा आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला. त्याची आई पडून होती. तो रोज रिक्षा माझ्यापाशी हळू करायचा.

"वहिनी, खाटेचं काय झालं? आईला एकटाच उचलून बसवतो मी. ती पण घाबरते, मी पण घाबरतो. पाठीला जखम झालेय तिच्या. भाड्याची बघायला गेलेलो, नाय परवडत."

पालिकेच्या अनुदानातून आणखी दोन खाटा घेता आल्या असत्या. अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत होती. मुदत चुकली की वर्ष गेलं. सगळे म्हणाले, गुप्तेबाईंना दाखवून मगच दे, त्यांच्या हाताखालून गेलेली फाइल परत येत नाही. म्हणून मी फाइल घेऊन गेले.

बाईंनी दार उघडलं, चष्मा लावला आणि माझ्याकडे न बघता फाइलकडे बघितलं.

"कोण?"

"मी मंडळाची..."

"पद सांगा."

"सचिव."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी सचिव झाले. पहिल्या दिवशी ठरावावर सूचक आणि अनुमोदक कोण ते नव्हतं. ते मला पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाचे फोटो काढून टेबलावर मांडले. आमचे अध्यक्ष केळकर तब्येतीनं भरलेले आहेत आणि फोटोत पुढे उभं राहायची त्यांना आवड आहे.

"यात अध्यक्ष दिसतात," बाई म्हणाल्या. "चाकाची खुर्ची सिद्ध होत नाही."

मी केळकरांना बाजूला करून नवे फोटो काढले. केळकर दुखावले. पण बाईंचं बरोबर होतं, जुन्या फोटोंत आम्ही गेली कित्येक वर्षं फक्त केळकरांचंच वाटप करत असल्यासारखं दिसत होतं. मग घटनेच्या प्रतीवर प्रत्येक पानावर सही हवी होती. मग दरपत्रकांवर दुकानाचा शिक्का. रोज एक. रोज दुपारी चार वाजता मी जायची, बाई फाइल पहिल्या पानापासून वाचायच्या, मधेच उठून चहा टाकायच्या, चहा पिताना त्या टेबलावरच्या गोष्टी सांगायच्या, आणि मी निघताना सावकाश म्हणायच्या, "सचिव, एक राहिलंय."

सोमवारी मला वाटलं, झालं. मंगळवारी शिक्का तिरका होता. बुधवारी फाइलचा दोरा पांढरा होता, हिरवा हवा होता. हिरव्या दोऱ्यासाठी मी डोंबिवलीत तीन दुकानं हिंडले. गुरुवारी बाईंनी फूटपट्टी काढली.

"भोकं."

"काय?"

"भोकं कडेपासून एक सेंटिमीटरवर हवीत. ही पाऊणवर आहेत."

माझं डोकंच फिरलं. सकाळीच संतोष भेटला होता. आईची जखम चिघळलीय, म्हणाला होता.

"बाई, तिकडे एका म्हातारीच्या पाठीला जखम पडलीय, उद्या शेवटचा दिवस आहे आणि तुम्ही भोकं मोजताय! तुम्हाला कागदाच्या पलीकडचं माणूस दिसतच नाही. म्हणून तर कुणी फिरकत नाही तुमच्याकडे."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. बोलले मात्र. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मला वाटलं, आता 'भावना पोचल्या' म्हणणार. त्या म्हणाल्या, "फाइल इथेच राहू दे. उद्या साडेनऊला या." मी माफीबिफी न मागता तरातरा जिना उतरले.

शुक्रवारी साडेनऊला त्यांच्या दाराला कुलूप. फोन लावला तर तो आतच वाजताना ऐकू आला. शेजारची म्हणाली, "बाई? त्या तर साडेसातलाच गेल्या. हातात फाइल होती." रागाच्या भरात बाईंनी फाइल कुठे नेली असेल, याचे मी एकापेक्षा एक भयंकर अंदाज बांधले. संतोषला बोलावलं. तो पालिकेच्या कचेरीकडे सुटला, पण पत्रीपुलावर नेहमीप्रमाणे सगळं कल्याण आमच्या आधी येऊन उभं होतं. संतोषची बोटं हँडलवर सारखी वाजत होती.

कचेरीत पोचले तर अनुदानाच्या खोलीबाहेर ही भली मोठी रांग, आणि रांगेच्या तोंडाशी बाकावर गुप्तेबाई. मांडीवर आमची फाइल. वेळ जाता जात नव्हता म्हणून त्यांनी मागच्या चार मंडळांच्या फायली तपासून दोघांना झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलं होतं.

दार उघडलं. टेबलामागचा तरुण कारकून त्यांना बघून उभाच राहिला. "मॅडम, तुम्ही?"

"अर्जदारांतर्फे," बाई म्हणाल्या. "बसा. तपासा."

त्यानं फाइल उघडली. सगळ्यात वर छाननीचा तक्ता होता, बाईंच्या अक्षरात. कुठला कागद कुठल्या पानावर आहे याची यादी, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. शेवटी 'पूर्ण', सही आणि तारीख. मी समोरून उलटं वाचलं. मग मान वाकडी करून सुलटं वाचलं. तारीख सोमवारची होती.

बाईंना लपवता आलं असतं. तक्ता शुक्रवारी लिहिला असं दाखवता आलं असतं. पण खोटी तारीख घालणं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. ती बाईंनी वाचून बघितली आणि माझ्या हातात ठेवली.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "बाई, सोमवारीच पूर्ण झाली होती फाइल?"

"हो."

"मग तिरका शिक्का? हिरवा दोरा? भोकं?"

"ते नियमांत नाही."

"आणि संतोषच्या आईचं काय? चार दिवस फुकट गेले."

"नाही गेले. पहिल्या दिवशी आलेला अर्ज आणि शेवटच्या दिवशी आलेला अर्ज, दोन्ही मुदतीनंतर एकदमच उघडतात. मीच उघडायची. तसं नसतं तर मी सोमवारी तुमच्या दारात आणून दिली असती फाइल."

"मग कशासाठी केलंत हे सगळं?"

बाई बाहेर बघत म्हणाल्या, "पूर्ण झालेली फाइल घेऊन परत कोण येतं, सचिव? तीस वर्षं बघितलंय मी. काम झालं की माणूस जातो. जायलाच हवं. पण तुम्ही चार वाजता यायचात. मी साडेतीनला आधण ठेवायची."

मला राग यायला हवा होता. आलाही. पत्रीपुलापर्यंत टिकला.

संतोष आरशातून बघत होता. "बाई," तो म्हणाला, "आमच्याकडे या ना कधी तरी. आई पण दिवसभर एकटीच असते."

"पत्ता लिहून द्या," बाई म्हणाल्या. "पूर्ण."

अनुदान मंजूर व्हायला काही महिने लागले, पण झालं. त्याआधीच एका घरून आमची जुनी खाट परत आली आणि ती संतोषकडे गेली. खाट का परत आली हे आमच्या कामात विचारायचं नसतं.

मला सांगायचंय ते त्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारचं. दुपारी मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, सवयीनं चष्मा लावला आणि माझ्या हातांकडे बघितलं. हात रिकामे होते.

"पोच हरवली?"

"नाही."

"मग काय काम आहे?"

"काही नाही. सहज आले. त्या दिवशी मी फार टाकून बोलले, तेही मनात होतं."

सहज आलेल्या माणसाचं काय करायचं ते बाईंना सुचेना. त्या दार धरून उभ्याच राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "मासे खाता?"

"खाते की."

"कोलंबी आणते. एकटीसाठी कोण सोलत बसणार, म्हणून आणतच नाही मी. तुम्ही बसा. वाटण तयार आहे, वेळ नाही लागणार." घाईघाईनं त्यांनी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि मला घरात एकटीला सोडून त्या निघाल्या. जिन्याच्या चार पायऱ्या उतरल्या, परत वर आल्या आणि दारातून म्हणाल्या, "जाऊ नका हं."

मी नाही जात म्हणाले. खिडकीत येऊन उभी राहिले. गल्लीच्या वळणावर बाई थांबल्या, मागे वळल्या आणि मान वर करून मी आहे ना ते त्यांनी बघून घेतलं. मी हात केला. मग त्या बाजाराकडे गेल्या.