एका वाक्याचा दर

मासळी बाजारात मयेकरांच्या मागे उभं राहायला आमच्याकडे चढाओढ लागते. मासेवाली त्यांना ओळखीने पापलेट स्वस्त देते आणि मयेकर ते टोपलीत परत ठेवतात. "मला हा दर, तर मागच्या बाईलाही हाच. एकाला तो सर्वांना!" ती वैतागते, "घ्या नि जावा गप, भाऊ!" पण मयेकर हलत नाहीत. शेवटी रांगेतल्या सगळ्यांनाच मासळी स्वस्त मिळते.

आमच्या केबल चॅनेलवर मी बातम्या वाचतो आणि मयेकर जाहिराती घेतात. निवडणूक आली की उमेदवारांना लावायचा दर आधी सरकारी कार्यालयात कळवावा लागतो आणि मग तो सगळ्यांना सारखा. कोणाला सूट नाही, कोणाला फुकट नाही. देवावरही नसेल इतका मयेकरांचा या नियमावर जीव.

दर नेहमी दहा सेकंदांचा असतो. यंदा नगर परिषदेच्या वेळी मयेकरांनी परस्पर लिहून दिलं, 'दर प्रतिवाक्य.' मालक डोक्याला हात लावून बसले. कार्यालयातल्या साहेबांनी नियमावली उलटसुलट चाळली, पण वाक्य चालणार नाही असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. शिक्का बसला.

मग जो तमाशा झाला! पहिल्याच उमेदवाराने चार मिनिटांचं वाक्य आणलं. "...आणि गटारं, तसेच दिवे, शिवाय स्मशानभूमी, की जिथे..." म्हणता म्हणता माणूस लालबुंद. मयेकर बोट वर करून पूर्णविरामाच्या पाळतीवर.

"'करणार आहे'वर संपलं तुमचं!"

"छे हो, पुढे 'कारण' म्हणणार होतो. श्वास घेतला फक्त!"

"श्वास चालेल. घ्या."

मला वाटलं, म्हातारा आता पुरता कामातून गेला.

शेवटच्या दिवशी कुसुमताई आल्या. मयेकरांची धाकटी बहीण, अपक्ष उमेदवार. पैसे एका जाहिरातीपुरतेच. ताई अडखळत बोलतात, दहा सेकंदांत त्यांचं नावसुद्धा पुरं होत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा सगळा खटाटोप ताईंसाठी होता.

"ताईंतर्फे तुम्हीच बोला की," मी हळूच म्हटलं.

"तेच केलं रे जन्मभर," मयेकर म्हणाले. "ती तोंड उघडायची नि वाक्य मी पुरं करायचो. तिला बघायला आले तेव्हासुद्धा उत्तरं मीच दिली. वाटायचं, मदत करतोय. मग ती माझ्यासमोर बोलायचीच बंद झाली."

कॅमेरा सुरू झाला.

"आमच्या वाडीत रोज प... प... प..."

ताईंचे डोळे मिटले, मान हलायला लागली. कॅमेरामनने 'थांबवू का?' अशी खूण केली. मयेकरांनी नकार दिला. त्यांचेही ओठ 'प'वर मिटले होते. त्यांनी तळहात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबून धरला. एका शब्दाची इतकी वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"...पाणी आणीन."

ताईंनी पदराने कपाळ पुसलं. "दादा, कि... किती झालं?"

"एक वाक्य गो," मयेकर म्हणाले. तोंडावरचा हात त्यांनी आत्ता कुठे काढला होता. "सर्वांना तोच दर."