इटली, गेट क्रमांक चार

२००३ च्या सप्टेंबरात यतीन धारप यांचा एकुलता एक मुलगा दर्शन उच्च शिक्षणासाठी इटलीला गेला. इटली ‘दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क’ या औद्योगिक वसाहतीत होती. गेट क्रमांक चारमधून आत शिरल्यावर डावीकडे, फरशी कापायचा कारखाना आणि कामगारांच्या राहण्याची इमारत यांच्या मधोमध. बर दुबईतल्या धारपांच्या घरापासून इटलीला पोचायला चाळीस मिनिटं लागत, सुट्टीच्या शुक्रवारी पस्तीस.

हे यतीनरावांना आधी ठाऊक नव्हतं. त्यांचा पापड-लोणच्यांचा धंदा होता आणि कागदावर आधी सही करून तो सवडीने वाचायची त्यांची पद्धत होती. संस्थेच्या माहितीपत्रकावर ‘स्टडी इन इटली’ असं ठळक छापलेलं होतं. प्रवेश झाला, दुबईतल्या मराठी मंडळाच्या बातमीपत्रात दर्शनचा फोटो आला, निरोपाचं जेवण झालं, मंडळाने चाकांची मोठी सूटकेस भेट दिली. त्यानंतर व्हिसाची चौकशी करायला यतीनराव संस्थेत गेले, तेव्हा रजिस्ट्रार शहनाझ मॅडमनी अत्यंत नम्रपणे नियमावली उघडून दाखवली. ‘इटली’ म्हणजे संस्था वेळोवेळी इटली म्हणून जाहीर करील ती जागा. व्हिसा लागणार नव्हता. फी परत मिळणार नव्हती.

यतीनराव घरी आले, दोन कप चहा प्यायले आणि त्यांनी निर्णय दिला. फी बुडाली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण सूटकेस कोणत्या तोंडाने परत करायची? दर्शन जाणार.

ठरल्या दिवशी विमानतळावर बावीस माणसं आली. शेजारच्या फ्लॅटमधल्या आणि मंडळाच्या चिटणीस असलेल्या सुजातामावशींनी दर्शनच्या हातावर दही ठेवलं. तो आत गेला, एका खांबाआड उभा राहून संत्र्याचा ज्यूस प्यायला आणि मंडळी पांगल्यावर बाहेर येऊन हारुनच्या गाडीत बसला. हारुन धारपांचा ड्रायव्हर. पार्कमधल्या कँटीनना पापड पोचवणं हे त्याचं काम. त्याने खोक्यांच्या मधे सूटकेस बसवली आणि ‘यल्ला’, म्हणजे चला, म्हणून गाडी काढली.

इटलीतलं जीवन शिस्तीचं होतं. आतली घड्याळं दोन तास मागे होती, हिवाळ्यात तीन. त्यामुळे जेवणाची वेळ व्हायची तेव्हा शेजारचं कँटीन बंद झालेलं असायचं. एसी चौदावर ठेवलेला असे आणि वर्गात कोट सक्तीचा होता. बाहेर त्रेचाळीस डिग्री असली तरी कोट घालूनच गेटपर्यंत जावं लागे. महिन्यातून दोन गुरुवार प्राध्यापकांचा संप असे. संप अभ्यासक्रमात असल्यामुळे संपाला हजेरी अनिवार्य होती आणि ती पंच्याहत्तर टक्क्यांखाली गेली तर परीक्षेला बसता येत नसे. आत राहायला वास्तव्य परवाना लागे. तो तीन महिने चाले आणि मिळायला चार महिने लागत. म्हणून दर्शनच्या हाती पडे तो परवाना मुदत संपलेलाच असे, आणि मुदत संपलेला परवाना बाळगल्याबद्दल खुलाशाचा वेगळा फॉर्म भरावा लागे. इटलीत असंच असतं, असं शहनाझ मॅडम म्हणाल्या. त्या संस्थेत दर्शनने ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य.

मंडळाला फोटो हवे असत. संस्थेने त्यासाठी अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपमधून पिसाचा मनोरा फायबरमध्ये बनवून घेतला होता. तिथला फोरमन कामाला चोख. त्याने चित्रातली चूक सुधारून मनोरा सरळ उभा केला. मग मुलं कॅमेरा तिरका धरत. बातमीपत्रात छापून आलेल्या फोटोत मनोऱ्याबरोबर दर्शनही कललेला होता. इटलीने पोराला किती मोकळं केलं, असं सुजातामावशी म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं.

आई रोज फोन करी. थंडी आहे का, हा अर्चनाताईंचा पहिला प्रश्न.

“चौदा डिग्री, आई,” दर्शन खरं तेच सांगे.

बर दुबईत पाय ठेवायचा नाही अशी यतीनरावांची ताकीद होती. तिथल्या मीना बाजारात कुणी पाहिलं तर? सोळा महिने तो घरी गेला नाही. पुरणपोळ्या हारुनबरोबर येत. एकदा अर्चनाताईंनीच पापडाच्या गाडीतून येते म्हटलं, तर यतीनराव म्हणाले की तुला इटलीत कुणी बघितलं तर काय उत्तर द्यायचं. दर्शनला हे हारुनकडून कळलं. त्या दिवशी त्याने पोळ्यांचा डबा उघडलाच नाही.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत अर्चनाताईंची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली. दर्शनने रजेचा अर्ज केला. शहनाझ मॅडमनी विमानाच्या तिकिटाची प्रत मागितली.

“मॅडम, इट्स फॉर्टी मिनिट्स अवे,” दर्शन म्हणाला.

“रेकॉर्डप्रमाणे तुम्ही इटलीत आहात,” त्या शांतपणे हिंदीत म्हणाल्या. “इटलीहून दुबई चाळीस मिनिटांत येत नाही.”

तो परवानगीशिवाय निघाला. हारुनने त्याला खोक्यांमागे बसवलं आणि गेटवरच्या पहारेकऱ्याला पापडाची दोन पाकिटं दिली. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये यतीनराव धावत खाली आले. वर मंडळाची आठ माणसं बसली होती. दर्शन येतोय हे त्यांना सांगितलेलं होतं, आणि सुजातामावशींनी विमानतळावर फोन करून चौकशीही केली होती. मिलानमध्ये बर्फ पडत होतं, विमान नऊ तास उशिरा होतं, संध्याकाळी सातला उतरणार होतं. शस्त्रक्रिया चारला होती.

“आई काय म्हणतेय?” दर्शनने विचारलं.

“तुझं नाव घेतेय. पण सातच्या आधी तुला वर कसं नेऊ? बर्फ काय माझ्या हातात आहे?”

ते वर गेले. दर्शन गाडीत बसून राहिला. दोन वाजले, अडीच वाजले. हारुन नमाज पढून परत आला आणि त्याने मागचं दार उघडून धरलं. सव्वातीनला दर्शन उतरला, कोट गाडीतच ठेवला आणि जिना चढून वॉर्डात गेला.

सुजातामावशींनी आधी घड्याळ पाहिलं, मग त्याला.

“विमान लवकर आलं का रे?”

“मी विमानाने नाही आलो, मावशी. पापडाच्या गाडीतून आलो. चाळीस मिनिटं लागली.”

मग त्याने सगळं सांगितलं: गेट चार, खांबामागचा ज्यूस, सरळ मनोरा. आवाज न चढवता, आणि सोळा महिन्यांत पहिल्यांदाच सलग मराठीत. यतीनराव सलाईनच्या बाटलीकडे एकटक बघत होते. अर्चनाताईंनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. चेहरा उतरला होता, पण डोळे हसत होते.

“इतके दिवस थंडीचंच विचारत राहिले मी,” त्या हळू म्हणाल्या. “तू शिकतोस काय रे तिथे?”

दर्शन त्यांच्या कानाशी वाकून सांगू लागला.

तेवढ्यात सुजातामावशींनी यतीनरावांना खिडकीपाशी नेलं. आता काय ऐकावं लागणार, या धास्तीने यतीनरावांना घाम फुटला होता.

“फी किती हो?” मावशींनी आवाज खाली आणून विचारलं.

“वर्षाला तीस हजार दिरहम. म्हणजे साडेतीन लाख रुपये.”

“होस्टेल धरून?”

“धरून.”

मावशींनी मनातल्या मनात हिशेब केला. त्यांची रिद्धी यंदा बारावीला होती. मुलगी परदेशी जाईल आणि हाताशीही राहील, असं त्या पुटपुटल्या. हे बोलणं बाकीच्या सात जणांनी ऐकलं, आणि एकेक खुर्ची सोडून तेही खिडकीकडे सरकले. अरुण नावाच्या कॉन्ट्रॅक्टरने तर खिशातून पेनच काढलं. नर्सने येऊन पेशंटजवळची गर्दी कमी करा म्हणून सांगितलं, पण पेशंटजवळ मुलाखेरीज कुणी नव्हतंच.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. पुढच्या सप्टेंबरात मंडळाची अकरा मुलं परदेशी गेली: सात इटलीला आणि चार स्वित्झर्लंडला, जे गेट क्रमांक पाचला नव्यानेच उघडलं होतं. बातमीपत्राचा विशेषांक निघाला. सूटकेस मंडळाने घाऊक भावात आणल्या.

दर्शनने आईला काय उत्तर दिलं, ते त्या गडबडीत तिच्याशिवाय कुणाच्या कानावर पडलं नाही. तो नेमकं काय शिकत होता, हे या गोष्टीतही आलेलं नाही. इथवर वाचताना तुम्हीही ते विचारलं नाहीत.