डॉक्टरांच्या नंबरात झालेले सिझेरियन

सुकेशनीचे सिझेरियन झाले, मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. मात्र असे कोणतेही सिझेरियन झालेले नाही, असा खुलासा वरिष्ठ कार्यालयाने केला आहे. तरी पुढील हकिकत घडलीच नाही, असे धरून वाचावी.

दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. बोरमाथ्याच्या ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन थिएटर होते, टेबल होते, वर मोठा दिवा होता. पाणी नव्हते. पाणी नाही म्हणून ऑपरेशन नाही, ऑपरेशन नाही म्हणून डॉक्टर मुक्कामी नाहीत, आणि डॉक्टरच नाहीत तर टँकर कशाला, असा बिनतोड सवाल टँकर मंजूर करणाऱ्यांनी केला होता. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि लीलाबाई सिस्टर शहरातून एकाच गाडीने अप-डाऊन करीत. हत्यारं गावात चोरीला जातील म्हणून तीही डिकीतून अप-डाऊन करीत. सकाळी यायचे, पेशंट शहराला पाठवायचे आणि पेशंटच्या मागोमाग आपणही जायचे.

सुकेशनीचे बाळ पोटात आडवे होते. मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून नवरा बिरू आणि सासू सुगंधाबाई तिला घेऊन आले, तेव्हा दवाखान्यात शिपाई धोंडिबा एकटाच होता.

"डागदर कुठं गेले?"

"तुम्हाला जिथं धाडणार होते, तिथंच."

"मंग आता आम्हाला कोण धाडणार?"

"मी हाये ना. निघा!"

ॲम्ब्युलन्स निघाली. शहर इतके वाढत चालले होते, की डॉक्टरांच्या आधी शहरच बोरमाथ्याला मुक्कामी येईल अशी चिन्हं होती. त्यासाठी रस्ता खोदून ठेवला होता. वाहतूक तुंबली आणि ॲम्ब्युलन्स एका कार वॉशिंग सेंटरसमोर अडकली. सुकेशनी ओरडत होती. सुगंधाबाई पाणी मागायला आत गेली, तर एसीच्या खोलीत तिघे चहा पीत बसलेले.

"अगं बया! हे तर आपलेच डागदर!"

सर्जन दचकले. "अहो मावशी, धोंडिबानं तुम्हाला शहरात पाठवलं नाही का?"

"रस्ता जाऊ देईना, सायेब. पोरीचा जीव चाललाय."

सर्जनांनी सभोवार पाहिले. बोअरचे धो धो पाणी. जनरेटर. एसी. शेजारी, चक्क जागा असलेला भूलतज्ज्ञ. नोकरीत हे सगळे एका जागी त्यांनी प्रथमच पाहिले. हात आपोआप धुवायला उठले.

तेवढ्यात मॅनेजर आडवा आला. "डॉक्टरसाब, लाइट अभी गया, जनरेटर एकच है. पंप चलेगा तो बत्ती नहीं. और आपके बाद इनका नंबर लगेला है."

'हे' म्हणजे पांढऱ्या गाडीचे मालक. सुशिक्षित, सफारीतले.

"दादा, तेवढा तुमचा नंबर द्या की," बिरूने हात जोडले.

"नियम म्हणजे नियम. मला रिसेप्शनला जायचंय."

"तुमच्या गाडीला कळा आल्यात का?" सुगंधाबाई कडाडली.

गृहस्थ बधले नाहीत. अखेर सर्जनांनीच पंप बंद करायला लावला. त्यांची स्वतःची गाडी तेव्हा रॅम्पवर फेसात उभी होती. डिकीतली हत्यारं काढून, आपल्या राहिलेल्या नंबरात त्यांनी एसीच्या खोलीत सिझेरियन केले. बाळाचा पहिला आवाज आला, तसे गृहस्थ उठले. "झालं ना? घ्या आता माझी."

पुढे चौकशी झाली. रुग्णालयात पाणी नसल्याने तिथे ऑपरेशन होऊ शकत नाही, आणि वॉशिंग सेंटर रुग्णालय नसल्याने तिथेही होऊ शकत नाही. सबब ते झालेले नाही, असा निष्कर्ष निघाला. कामाच्या वेळेत काम केल्याबद्दल सर्जनांना नोटीस निघाली.

तरी विनंती करण्यात येते की, बोरमाथ्याच्या रुग्णालयात एक वॉशिंग सेंटर तातडीने मंजूर व्हावे, म्हणजे पाणी आणि डॉक्टर दोन्ही तिथे टिकतील. मंजुरी येईपर्यंत, हे वाचता वाचता आपली गाडी धुऊन होण्याची वाट पाहणाऱ्या सुज्ञ नागरिकांनी, अडलेली बाई दारात आल्यास आपला नंबर तिला द्यावा.