व्यंकटकाकांच्या घराचा नकाशा

चहा कसा झालाय असं विचारलं तर व्यंकटकाका "चांगला" म्हणत नाहीत. बशी खाली ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "एकाहत्तर टक्के." उरलेले कुठे गेले हे विचारावं लागत नाही. ते स्वतःच सांगतात, अठरा आल्यात गेले आणि अकरा करणाऱ्याच्या घाईत.

मी नांदेडला कॉलेजात आलो तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. घरमालकाशी कसं बोलायचं हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं गाव लोह्याजवळ, म्हणून काकांनी मला परस्पर लोहेकर करून टाकलं. आडनाव आजवर विचारलेलं नाही.

"लोहेकर, खोली आवडली का?"

"हाव, आवडली."

"टक्क्यात सांग."

मी घाबरून शंभर म्हणालो. काका काकूंकडे वळले. "पोरगं खोटं बोलून राहिलंय, पण वळण चांगलं हाय."

काकांची सगळी नोकरी शेतीच्या सरकारी कचेरीत तक्ते रंगवण्यात गेली. साहेबांचा दौरा निघाला की पुठ्ठ्यावर पेरणीचे खांब, पावसाचे खांब. निवृत्त झाल्यावर पुठ्ठे मिळेनात, तेव्हा ते भाकरीकडे वळले. ताटात भाकर आली की ते मोजून मोडायचे. हा कापूस, हे सोयाबीन, राहिली ती तूर. तूर नेहमी ठेच्याबरोबर संपायची. काकू म्हणायच्या, "एवढा जिल्हा खाल्ला, आता हात धुवा."

पहिल्या वर्षी मी कॉम्प्युटर शिकलो आणि ते काकांना कळलं. लगेच तक्ता करायचं ठरलं, घरात कोण किती बोलतं याचा. काकांनी आकडे दिले, मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून तो केला. प्रत्येकाच्या वाट्याचे भाग पाडलेला गोल आडवा करून त्याला जाडी दिली, त्यामुळे तो वाढदिवसाच्या केकसारखा दिसू लागला. शीर्षक तीन रंगांत, खाली सावली, कडेने झेंडूची माळ आणि कोपऱ्यात ट्रॅक्टर. ट्रॅक्टर कशासाठी, हे मलाही माहीत नव्हतं. फुकट मिळाला होता.

"लई भारी," म्हणत काकांनी तक्ता फ्रिजवर चिकटवला. त्यात सगळ्यात मोठा वाटा काकूंचा होता. काकूंनी चष्मा लावून तो नीट पाहिला.

"बोलते ते मोजलंत. तुमचं ऐकते ते कुठं दाखवलंय?"

काका म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू.

पुढची आवृत्ती निघेपर्यंत मी तिसऱ्या वर्षाला गेलो. मधल्या काळात त्यांच्या लेकीला लातूरला बाळ झालं. तिची नोकरी, म्हणून काकू बाळ सांभाळायला गेल्या. थोडे दिवस म्हणून गेल्या, त्या तिकडेच अडकल्या. काका रोज फोनवर त्यांना ऊन, वारा, नळाची वेळ, शेजारच्यांचं भांडण, सगळं सांगायचे. परत ये, एवढं सोडून. मला म्हणायचे, "लेकीची अडचण हाय. आपण कसं म्हणावं?"

एका संध्याकाळी त्यांनी फ्रिजवरचा तक्ता सोडवून माझ्यासमोर ठेवला. "याला नवा कर. काकूला पाठवायचाय."

तो तक्ता पाहून माझी मलाच लाज वाटली आणि हसूही आलं. पहिल्या वर्षी मला जे जे येत होतं ते सगळं मी त्यात दाखवलं होतं. आता माझ्याकडे लॅपटॉप होता, त्यावर जुनी फाइल उघडून मी माळ काढली. सावली काढली. ट्रॅक्टर काढला तेव्हा मात्र काका कळवळले. "राहू दे की. तो कुणाचं काय खाऊन राहिलाय?"

गोल सरळ केला आणि नवे आकडे मागितले. घरात आता बोलणारे एकटे काकाच. गोलाला भागच पडेनात.

"ही तर भाकर झाली," काका म्हणाले.

"काका, मला वाटतं," मी चाचरत म्हणालो, "आधी काय सांगायचंय ते ठरवावं लागतं. मग आकार सापडतो. वर्गात तसं शिकवतात आम्हाला."

काकांनी जुना तक्ता उलटा करून कोरी बाजू वर घेतली. मग पेन्सिल घेऊन त्यांनी घराचा नकाशा काढला. बैठक, स्वयंपाकघर, मागचं अंगण, माडीचा जिना.

"कचेरीत आम्ही टंचाईचे नकाशे करायचो. पाणी हाय ते गाव हिरवं. आटून राहिलंय ते पिवळं. टँकरबिगर भागत न्हाई ते लाल. घरी आणून रंगवायचो, तवा रंग हीच कालवून द्यायची."

मी घराचा नकाशा पडद्यावर उतरवला आणि पाण्याच्या जागी बोलणं धरून आम्ही रंग भरायला बसलो. जिना हिरवा. "तू गाणी म्हणतोस. बेसूर, पण म्हणतोस." बैठक पिवळी, तिथे टीव्ही बोलतो. अंगणही पिवळं, शेजारीण भिंतीवरून हाक मारते. स्वयंपाकघरापाशी काकांनी फक्त बोट ठेवलं. मी लाल भरला.

वर शीर्षक द्यावं का, असं मनात आलं. द्यायचा धीर झाला नाही. तसाच पाठवला.

फोन लगेच आला, तोही माझ्या फोनवर. "लोहेकर, स्वयंपाकघर लाल कुणी केलं?"

"काकांनी सांगितलं, काकू."

पलीकडून थोडा वेळ नुसतं बाळ ऐकू येत होतं. मग काकू म्हणाल्या, "दे त्यांच्याकडं."

काका फोन घेऊन दाराबाहेर गेले. मला अर्धंमुर्धं ऐकू आलं. "हां... जेवलो की... न्हाई, तसं काय न्हाई... रंग होता उरलेला... हां... हां."

आत येऊन त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"येणार म्हणाल्या का?"

"पक्कं न्हाई. लेकीला विचारते म्हणाली." ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "स्वयंपाकघर पिवळं कर."

मी केलं. ते पडद्याकडे बघत राहिले.

"आणि हिरवा काढून ठेव," ते म्हणाले. "गडद नको. तिला पोपटी आवडतो."