दोन वाजेपर्यंत गाव नाही

लेओन्सच्या मुलीला ज्या वर्षी जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळ्यांच्या बाप्तिस्म्याचं जेवण दुपारी बाराला सुरू झालं, ते चार वाजले तरी चाललंच होतं. चीज फिरून गेलं होतं, गोड यायचं होतं. त्या मधल्या वेळात लेओन्स ग्लास हातात घेऊन उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आजोबा आता नातवंडांना आशीर्वाद देणार. आजोबांनी जाहीर केलं की ऑगस्टच्या जत्रेच्या आत आपण एमीलियाँला पाटीवर हरवणार म्हणजे हरवणार.

एमीलियाँ हा लेओन्सच्या बायकोचा, मार्सलीनचा, थोरला भाऊ. वय चौऱ्याहत्तर, अंगाने कपाट. तो समोरच बसला होता. त्याने पावाच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या वर्षीच्या ऑगस्टच्या?"

टेबल इतकं हसलं की जुळी जागी झाली.

पाटी म्हणजे गावाच्या वेशीवर गावाचं नाव लिहिलेली असते ती. दर गुरुवारी सकाळी व्हेर्नासू गावचे हे दोन म्हातारे सायकली काढत, चाळीस-पन्नास किलोमीटर डोंगर पालथे घालत, आणि परतताना नदीवरच्या पुलापासून जीव तोडून पायडल मारत. पाटी जो आधी ओलांडेल तो पहिला. त्याला मिळायचं काहीच नाही. पण त्या मुलखात सायकलीवरच्या माणसाला गावाची पाटी दिसली की तो शहाणा राहत नाही, मग तो डॉक्टर असो नाहीतर पाद्री.

पुलापासून सहाशे पावलं खडा चढ. लेओन्सचा जन्म छपरं दुरुस्त करण्यात गेलेला, अंगाने काटकुळा; चढावर तो शेळीसारखा जायचा. वर दगडी क्रूसापाशी चढ संपतो, तिथे तो नेहमी पुढे असायचा. पण तिथून पाटीपर्यंत दोनशे पावलं सपाट रस्ता होता, आणि सपाटीवर एमीलियाँ मालगाडीसारखा मागून यायचा. जाता जाता "बाजूला हो, मेहुण्या," एवढंच म्हणायचा. एकोणीस वर्षं हेच चाललं होतं.

आधी लेओन्सने सरळ मार्गाने प्रयत्न केला. नऊ दिवस चीज सोडलं. वजन कमी व्हावं म्हणून सायकलीची घंटी काढली, पंप काढला. हवा कापली जावी म्हणून बायकोच्या कात्रीने पायांवरचे केस काढले. मार्सलीनने त्या पायांकडे बघून विचारलं की सुपासाठी कोंबडी सोलून ठेवलीय ती हीच का. त्या गुरुवारी वाटेत त्याचं चाक पंक्चर झालं, एमीलियाँकडूनच पंप मागून घ्यावा लागला, आणि शेवटी तो नेहमीच्या दहा हातांऐवजी बारा हातांनी हरला.

दहाव्या दिवशी पुन्हा चीज खाता खाता त्याला सुचलं. छपराची गळती थांबत नसेल तर खालची खाट सरकवा, असं त्याने चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. इथे खाट म्हणजे पाटी. ती दोनशे पावलं मागे, क्रूसापाशी आणली तर?

लेओन्स गावच्या कौन्सिलात होता. बैठकीत तो उठला आणि म्हणाला की पाटी लागली की मोटारींना वेग कमी करावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. क्रूसापाशी, डेअरीच्या वळणावर पाटी नाही, म्हणून मोटारी सुसाट येतात. परवाच आपली एक कोंबडी गेली. कोंबडीचं वर्णन करताना त्याचा आवाज जड झाला. मेअरबाई सोलांज ब्रुजेर या निवृत्त मुख्याध्यापिका. आज कोंबडी, उद्या शाळेचं मूल, असं म्हणून त्यांनी मत टाकायला सांगितलं. जेवणाची वेळ टळत होती, त्यामुळे ठराव एकमताने झाला.

बातमी गावभर झाली. एमीलियाँच्याही कानावर आली, पण त्याला ती कोंबडीचीच वाटली. व्हेर्नासूला आणखी तीन रस्ते होते. तिन्ही रस्त्यांवरचे लोक कचेरीत येऊन विचारू लागले, आमच्या कोंबड्या काय कागदाच्या आहेत? आमच्या पाट्याही सरकवा. त्या महिन्यात मोटारीखाली सापडून इतक्या कोंबड्या मेल्याचे अर्ज आले, की तेवढ्या मोटारी आठवड्यात गावातून जात नव्हत्या. एकाने बदकासाठी अर्ज केला. बदक तेवढं खरं होतं. मेअरबाईंनी सगळे अर्ज एका फायलीत लावले आणि सांगितलं, आधी लेओन्सची पाटी हलू दे, मग बघू.

पाटी हलवायला रस्तेखात्याचे दोन कामगार सतरा जुलैला यायचे ठरले. सतरा जुलै गुरुवार निघाला. लेओन्सने हा देवाचाच हात मानला.

त्याचा हिशेब सोपा होता. कामगार दहाला येणार, अकरापर्यंत जुनी पाटी उपटणार, बारापर्यंत नव्या जागी रोवणार. आपण बारानंतर पोचायचं, चढ संपताक्षणी पाटी ओलांडायची, आणि एमीलियाँला काय झालं ते कळायच्या आत हात वर करायचे. अडचण एकच होती. दोघं दर गुरुवारी साडेअकराला पोचायचे.

म्हणून त्या दिवशी लेओन्सने वेळ काढायला सुरुवात केली. पहिल्या गावात हौदावर बाटली भरली. दुसऱ्या गावात ती ओतून पुन्हा भरली. तिसऱ्या गावात म्हणाला, चर्चची खिडकी बघून येतो. गेल्या तीस वर्षांत लग्न, बाप्तिस्मा आणि मयत सोडून तो चर्चात शिरला नव्हता. एमीलियाँ बाहेर दोन्ही सायकली धरून उभा राहिला. लेओन्स बाहेर आल्यावर त्याने हळू आवाजात विचारलं, "डॉक्टरने काही सांगितलंय का?"

"काही नाही. खिडकी छान आहे."

"मेहुण्या, लपवू नकोस. मार्सलीनला ठाऊक आहे?"

पुढचा सगळा रस्ता एमीलियाँ त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होता. एका चढावर तर त्याने पाठीला हात लावून त्याला ढकललंसुद्धा. लेओन्सला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घड्याळात सव्वाबारा होत आले होते आणि पूल दिसत होता.

पुलावर तो उभा राहून पायडल मारू लागला. सहाशे पावलांचा चढ त्याने असा काढला की खाली गायी माना वळवून बघत राहिल्या. मागे एमीलियाँचा श्वास ऐकू येईनासा झाला. क्रूस आला. लेओन्सने दोन्ही हात वर केले आणि पाटीसाठी डोळे उघडले.

पाटी नव्हती. नुसता खड्डा होता. खड्ड्याशेजारी फावडी उभी होती. आणि गवतावर, दोन उलट्या बादल्यांवर आडवी ठेवलेली व्हेर्नासूची पाटी होती. तिच्यावर पाव, सॉसेज, अर्धी संपलेली तांबडी वाइन आणि चीजचा एक मोठा तुकडा मांडून दोन कामगार जेवत बसले होते. जन्मभर बाराच्या ठोक्याला आपणही अर्धं छप्पर उघडं टाकून हातोडी खाली ठेवत आलो, हे लेओन्सला तेव्हा आठवलं.

त्याच्या शेजारून एमीलियाँ सवयीने पुढे गेला, सपाटीवर सुटला, आणि जुन्या जागी पोचला. तिथेही पाटी नव्हती. तिथेही खड्डाच होता. तो वळून हळूहळू परत आला.

लेओन्स कामगारांशी वाद घालत होता. थोरला कामगार, बार्नाबे नावाचा, चाकूने सॉसेज कापत ऐकून घेत होता. लेओन्सचं म्हणणं होतं की खड्डा आहे म्हणजे पाटी आहे असंच धरायचं, बाकी काम किरकोळ.

"आजोबा," बार्नाबे म्हणाला, "तिकडची काढली, इकडची लागली नाही. दोन वाजेपर्यंत गाव नाही."

"असं कसं गाव नाही? माझं घर आहे तिथे."

"घर असेल. गाव दोननंतर."

दुसऱ्या कामगाराने एमीलियाँला पेला भरून दिला. एमीलियाँ गवतावर बसला आणि त्याने कोपर पाटीवर टेकलं. बार्नाबेने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्या कोपराकडे चाकू दाखवत म्हणाला की नियमच लावायचा तर हे काका आत्ता गावात आलेत.

त्याच वेळी मेअरबाईंची मोटार येऊन थांबली. सकाळी त्या फायलीतल्या कोंबड्यांची चौकशी करत घरोघर फिरल्या होत्या, आणि सुरुवात त्यांनी मार्सलीनपासून केली होती.

"लेओन्स, तुमची कोंबडी कशाने मेली?"

"मोटारीखाली, मेअरबाई."

"कुठल्या मोटारीखाली?"

"निळ्या."

"मार्सलीन म्हणते, नऊ वर्षांची होऊन खुराड्यात झोपेतच गेली. तुम्ही तिचं सूप प्यालात आणि चिवट लागली म्हणून कुरकुर केलीत."

मेअरबाईंनी कामगारांना सांगितलं की जेवण झालं की पाटी जिथून काढली तिथेच परत लावा. बाकीच्या कोंबड्यांचं मी बघते, असं म्हणून त्या निघून गेल्या.

एमीलियाँने पेला खाली ठेवला. त्याने खाली पुलाकडे पाहिलं, मग क्रूसाकडे, मग पलीकडच्या दोनशे पावलांच्या सपाटीकडे. बऱ्याच वेळाने त्याच्या तोंडावर समजल्याची खूण उमटली.

"म्हणजे तुला काही झालेलं नाही?"

"नाही."

"तू माझ्यासाठी गाव हलवलंस?"

बार्नाबेने लेओन्सच्याही हातात पेला दिला.

"मला सांगायचं होतंस, मेहुण्या," एमीलियाँ म्हणाला. "एखाद्या गुरुवारी लावला असता ब्रेक. माझं काय जात होतं?"

"म्हणूनच नाही सांगितलं," लेओन्स म्हणाला.

दोघं बसून राहिले. चीज संपलं तशी बार्नाबेने डब्यातून आणखी काढलं. दोन वाजता पाटी जुन्या जागी उभी राहिली, जराशी तिरकी, आणि मधोमध तिला वाइनचा एक गोल डाग पडला होता.

ऑगस्टची जत्रा आली आणि गेली. त्यानंतरही दोन उन्हाळे ते दर गुरुवारी जात राहिले. मधे एकदा एमीलियाँने सपाटीवर खरंच ब्रेक लावला. लेओन्सला ते कळलं. तो पाटीच्या चार हात अलीकडे थांबला, सायकल वळवली, पुलापर्यंत खाली गेला आणि एमीलियाँलाही खाली बोलावून घेतलं. दुसऱ्या खेपेला तो दहा हातांनी हरला, आणि त्या दिवशी घरी त्याने दोनदा सूप वाढून घेतलं.

एमीलियाँ तिसऱ्या वर्षी, मार्च महिन्याच्या नऊ तारखेला वारला. लेओन्स त्याच महिन्याच्या चौदाला.