वडिलांचं मूळ गाव: अकोला

मंडळाच्या फॉर्मवर ‘वडिलांचं मूळ गाव’ असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. आपलं आपण लिहायची सोयही नव्हती. महाराष्ट्राच्या छत्तीस जिल्ह्यांची यादी उघडायची, त्यातला एक निवडायचा. अनयाचे वडील कोजो हे घानातल्या कुमासीचे. यादीत कुमासी कुठून असणार? सोळा वर्षांच्या अनयाला मॅचला उशीर होत होता. बोट पडलं तिथे तिने टिक केली आणि बुटांच्या नाड्या तशाच लोंबकळत ठेवून ती पळाली.

बोट अकोल्यावर पडलं होतं.

हा फॉर्म उल्हासकाकांच्या डोक्यातून निघालेला. काका रिटायर्ड हार्ट स्पेशालिस्ट आणि अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. मंडळाच्या पिकनिकला कोजोनेच त्यांना सांगितलं होतं, की युरोपात खेळणाऱ्या आफ्रिकन मुळाच्या फुटबॉलपटूंसाठी दरवर्षी एक पुरस्कार असतो. काका पेटले. “त्या लोकांना जमतं, मग आपल्याला काय धाड भरलीय?” त्या लोकांपैकी एक जण शेजारीच बसून पोहे खातोय, हे काकांच्या गावीही नव्हतं. कोजोने मात्र हसून आणखी पोहे घेतले.

असा जन्माला आला ‘अमेरिकेतील मराठी मुळाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू’ पुरस्कार. अमेरिका म्हणजे पार्कातलं एक मैदान आणि मंडळाच्या चार टीम. अनयाने चौदा गोल मारले. दुसरा आला कमिटीतल्या शैलेंद्रचा मुलगा अथर्व, गोल नऊ. मंडळाच्या ग्रुपवर यादी पडली: ‘अनया, गोल चौदा, मूळ गाव अकोला.’

शैलेंद्र पक्का अकोल्याचा. दहा मिनिटांत अनयाच्या आईचा, शुभाचा फोन वाजला.

“शुभाताई, तुमचे मिस्टर अकोल्यात कुठले हो? जठारपेठ की डाबकी रोड?”

“कुठलेच नाहीत. कुमासीचे आहेत. तुम्हाला माहीत नाही?”

“मग फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणायचं.”

“तुमच्या यादीत घाना नव्हतं.”

“अहो, यादी महाराष्ट्राची आहे ना!”

“मग रकाना कशाला ठेवलात? दारावर पाटीच लावा, फक्त आमच्यातल्यांसाठी.” शुभाने फोन ठेवला. ती वर्ध्याची, आणि वर्ध्याची माणसं शांत असतात हा समज तिने एकटीने मोडून काढला होता.

अठरा वर्षं ती मंडळाच्या गणपतीला मोदक वळत आली होती. गणपतीचं मखर दर वर्षी कोजो शिडीवर चढून बांधायचा, कारण बाकीच्या समस्त पुरुषांना नेमकी त्या आठवड्यात कंबरदुखी व्हायची. तेव्हा त्याचा जिल्हा कुणी विचारला नव्हता. मोदक खाताना माणूस कुणाचाही चालतो. मान द्यायची वेळ आली की यांना वंशावळ लागते.

“आई, लेट इट गो,” अनया म्हणाली. “इट्स अ प्लॅस्टिक ट्रॉफी.”

“ट्रॉफी प्लॅस्टिकची आहे. तू नाहीस.”

अनयाने बूट काढून दाराशी ठेवले. मग हळूच म्हणाली, “देअर वॉज नो बॉक्स फॉर मी, आई. म्हणून मी कुठलाही टिक केला.”

ते ऐकून शुभाचं डोकं सटकलं. रविवारी सकाळी लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये कमिटी जमणार होती. कोजो “मीपण येतो” म्हणाला. तिने त्याला घरीच बसवलं. हा माणूस भांडणातही समोरच्याला खुर्ची देतो, तो काय कामाचा?

कमिटी म्हणजे उल्हासकाका, सेक्रेटरी मीनाक्षीकाकू आणि शैलेंद्र. शैलेंद्रने नियम टाइप करूनच आणला होता. “मूळ म्हणजे वडिलांचं मूळ. सगळीकडे असंच असतं. सिंपल.”

“आणि नऊ महिने पोटात वाढवलं ते काय भाड्याने?” शुभाने विचारलं. “मूळ आईचंच. बापाचं नुसतं आडनाव.”

मीनाक्षीकाकू चहा ओतता ओतता थांबल्या. “तसं बघितलं तर खरंय हो. आमची गिरिजा माझ्याशी मराठी बोलते. ह्यांच्याशी बोलतच नाही.”

“काकू, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?” शैलेंद्र चिडला. “ठीक आहे, वाद नको! आई-वडील दोघंही मराठी हवेत. झालं समाधान?”

“माझं झालं,” शुभा म्हणाली. “नैनाला फोन करून तुम्हीच सांगा.”

शैलेंद्रचा चेहरा पडला. त्याची बायको नैना लुधियानाची. आपल्याच पोराला आपणच मैदानाबाहेर काढल्याचं त्याच्या लक्षात आलं, पण तोवर काकूंनी नियम मिनिट्समध्ये लिहून टाकला होता. काकू लिहिलेलं खोडत नसत.

“म्हणजे मला असं म्हणायचंय,” शैलेंद्र घाम पुसत म्हणाला, “की घराणं महाराष्ट्रातलं हवं. निदान एकाचं तरी. आजोबा-पणजोबा महाराष्ट्राच्या मातीतले असले पाहिजेत.”

उल्हासकाका खाकरले. “माती म्हणजे... कितपत?”

“म्हणजे काय काका?”

“आम्ही इंदूरचे. सहा पिढ्या. माझ्या पणजोबांनीही महाराष्ट्र पाहिला नव्हता.”

“आणि मी बडोद्याची,” काकू म्हणाल्या. “लिहू का हेही?”

महाराष्ट्राचं मूळ तपासायला बसलेल्या कमिटीत महाराष्ट्रातला एकटा शैलेंद्र उरला होता, आणि त्याचा पोरगा मघाशीच बाद झाला होता.

“काका,” शुभा उठून उभी राहिली, “तुम्ही इंदूरचे, काकू बडोद्याच्या, राहतो सगळे इलिनॉयमध्ये. इथले लोक विचारतात, तुम्ही मूळचे कुठले, तेव्हा आपल्याला राग येतो ना? मग तोच प्रश्न माझ्या पोरीला तुम्ही कुठल्या तोंडाने विचारता? आईचं मूळ धरा. नाहीतर उद्यापासून मोदक शैलेंद्र वळेल आणि शिडीवर तुम्ही चढाल.”

काकांनी बायपासचा निर्णय घ्यावा तसे डोळे मिटले. शिडीचा विचार करत असावेत. “मीनाक्षीताई, लिहा,” ते म्हणाले. “मूळ आईचं. पुरस्कार अनयाला. एकमताने.”

“माझं मत?” शैलेंद्रने विचारलं.

“एकमताने लिहून झालंय,” काकू म्हणाल्या.

शुभा गाडी जवळजवळ उडवतच घरी आली. दारातूनच ओरडली, “जिंकलो! मूळ आईचं! लेखी घेतलंय!”

अनया सोफ्यावर पडून हसत होती. कोजो डायनिंग टेबलाशी फोन हातात धरून बसला होता, तोंड पाडून.

“तुला आनंद नाही झाला?”

“झाला ना. व्हेरी गुड.” कोजो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. “शुभा, आमच्या घाना असोसिएशनने पण या वर्षी सेम पुरस्कार ठेवला. घानाच्या मुळाचा प्लेयर. अनयाचं नाव एक नंबरला होतं.”

“होतं म्हणजे?”

“आमच्यात, कुमासीकडे, मूळ आईकडून मोजतात. आईचं कूळ तेच मुलांचं. एल्डर्स म्हणतात, मुलीची आई आपली नाही, सो मुलगी आपली नाही.”

शुभाने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आणि काढलेली पर्स परत खांद्याला लावली.

“मीटिंग कुठे आहे?”

“चालूच आहे, चर्चमध्ये. पण शुभा, ती मोठी माणसं आहेत, प्लीज, तू तिथे जाऊन...”

“गाडी काढ,” शुभा म्हणाली. “बापाला काही किंमत आहे की नाही त्या लोकांत?”